इयरफोनचे रबर आणि आपले कान

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे आभार आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी वाचावयास मिळतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र वाट्यास आलेल्या या पानांत एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी लिहिणार आहोत. ती वस्तू म्हणजे कानात घालावयाच्या इयरफोनच्या टोकावर बसविलेले मऊ रबर. दुकानदार त्याला टिप म्हणतात, मुले रबर म्हणतात. हे रबर हरवते, फाटते, कडक होते. मग मुलगा तसाच उघडा इयरफोन कानात कोंबतो किंवा मिळेल ते रबर आणून त्यावर चढवितो. ते ढिले असेल तर इयरफोन गळून पडतो, घट्ट असेल तर कान दुखतो. दोन्ही प्रकारांत घरातील वडीलमंडळींना त्याचे काहीच वाटत नाही. एवढ्याशा रबराचे काय घेऊन बसायचे, असेच बहुतेकांचे म्हणणे पडते.

परंतु या रबराचा संबंध केवळ गाणे गोड लागण्याशी नाही. रबर नीट बसले नाही म्हणजे माणूस आवाज वाढवितो, आणि वाढविलेला आवाज रोज तासन् तास कानात गेला म्हणजे श्रवणशक्ती झिजते. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भागात त्याला आणखी एक कारण आहे. असीरगडच्या पायथ्यापासून बुऱ्हाणपूर सुमारे २० किलोमीटर. ते यंत्रमागांचे गाव आहे आणि आपल्या कित्येक कुटुंबांचा चरितार्थ मागावरच चालतो. यंत्रमागाच्या कारखान्यातील आवाज सामान्यतः ९० डेसिबलच्या पुढे असतो. शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. अशा खटखटाटात पाळी काढताना तरुण मुले इयरफोन लावून गाणी ऐकतात. घरी त्यांची धाकटी भावंडे मोबाईलवर धडे ऐकतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हापासून ही सवय घरोघर रुजली, आणि शाळा उघडल्या तरी ती गेली नाही. तेव्हा इयरफोन वापरू नका एवढाच उपदेश करून भागणार नाही. वापरावयाचा तर कसा, हे सांगावयास हवे.

रबराचे काम काय?

कानात बसणाऱ्या इयरफोनमध्ये एक अगदी लहान स्पीकर असतो. त्याच्या पडद्याची रुंदी पुष्कळदा १ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यापुढे एक आखूड नळी असते आणि त्या नळीवर रबर बसते. एवढासा पडदा खोलीभर हवा हलवू शकत नाही. पण रबर कानाच्या भोकाला चोहोबाजूंनी चिकटले, म्हणजे पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक लहानसा बंद कोंडा तयार होतो. तेवढी हवा हलविणे त्या लहान स्पीकरला सहज जमते. म्हणूनच चिमुकल्या इयरफोनमधून ढोलकाचा घुमारा ऐकू येतो.

रबराच्या कडेला बारीक फट राहिली तर पहिल्याने खर्जाचा आवाज निसटतो. तबल्याची चाट ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो. गाणे पातळ आणि कर्कश लागते. ऐकणाऱ्याला वाटते, इयरफोनच हलका आहे. तो नवा घेतो आणि पुन्हा तोच अनुभव येतो. वास्तविक दोष इयरफोनचा नसून फटीचा असतो.

त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो. आपल्या असीरगडाचे उदाहरण घ्या. १६०१ साली अकबराने हा किल्ला घेतला. तो तोफांनी पडला नाही, सोन्याच्या किल्लीने दरवाजा उघडला गेला, असे लोक सांगतात. तट कितीही मजबूत असला तरी दार उघडे राहिल्यास उपयोग नाही. रबराचेही तसेच आहे. तीन बाजूंनी घट्ट आणि एका बाजूने उघडे, म्हणजे उघडेच.

आवाजाचा हिशेब

डेसिबलचे गणित साध्या बेरजेसारखे चालत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातील शक्ती दुप्पट होते. कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी अमेरिकेतील सरकारी संशोधन संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ८८ चा ४ तास, ९१ चा २ तास, ९४ चा १ तास, ९७ चा अर्धा तास आणि १०० चा अवघी १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने इयरफोन व तत्सम साधनांसाठी २०१८ साली जो दंडक ठरविला, त्यात प्रौढांना आठवड्यास ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा आहे.

आता समजा, भोवती ९५ डेसिबलचा गोंगाट आहे आणि रबर ढिले आहे. गाणे ऐकू यावे म्हणून माणूस गाण्याचा आवाज ९५ च्या घरात नेणार. रबर घट्ट बसून गोंगाट कानापाशी २० डेसिबलने उतरला, तर तेच गाणे ८० वर स्पष्ट लागेल. ९५ आणि ८० यांतील अंतर १५ चे दिसते, पण शक्तीच्या हिशेबाने ते सुमारे ३० पट आहे. एका शेदीडशे रुपयांच्या रबराने कानावरील भार इतका हलका होऊ शकतो.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इयरफोन हे मागाच्या आवाजापासून कान वाचविण्याचे साधन नव्हे. त्यासाठी कारखान्यात वापरावयाचे फोमचे बोळे किंवा कानांवर बसणारी कवचे असतात, व तीच वापरावीत. गाणे ऐकावयाचे ते पाळी संपल्यावर, शांत जागी. आणि इंदूर-इच्छापूर रस्त्यावरून चालताना, सायकल किंवा मोटारसायकल चालविताना, रेल्वेचे रूळ ओलांडताना दोन्ही कान बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. घट्ट रबर जितके चांगले, तितका मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा कमी ऐकू येतो, हे विसरू नये.

कानाची घडण

रबर निवडण्यापूर्वी कानाची नळी कशी असते ते समजून घ्यावे. प्रौढ माणसाच्या कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची लांबी सुमारे २५ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे ७ मिलिमीटर असते. ही नळी सरळ नसते, तिला दोन वळणे असतात. तिचे तोंडही पुरते गोल नसते, ते लंबगोल असते. बाहेरचा एकतृतीयांश भाग कूर्चेचा असतो. तो थोडा लवतो, त्यात केस असतात आणि मळही तेथेच तयार होतो. आतला दोनतृतीयांश भाग हाडाचा असून त्यावरील कातडी अतिशय पातळ असते. तेथे जरा दाब पडला तरी कळ येते. रबराची जागा बाहेरच्या लवचीक भागात आहे.

दुसरी गोष्ट अशी की दोन्ही कान सारखे असतातच असे नाही. पुष्कळांना उजव्या कानास मधले आणि डाव्यास लहान रबर लागते. पाकिटात दोन्ही एकाच मापाची मिळाली म्हणून तशीच लावावीत असा काही नियम नाही. तिसरी गोष्ट, जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. म्हणून आरशासमोर गप्प बसून चांगले बसलेले रबर बोलताना किंवा पान खाताना सुटते. मुलांच्या कानाची नळी अरुंद असते. त्यांना मोठ्यांच्या इयरफोनचे मधले रबर देणे म्हणजे थोरल्या भावाचा जोडा धाकट्याला घालण्यासारखे आहे.

रबराचे प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला सिलिकॉनचा, घुमटासारखा. तो स्वस्त, धुता येण्याजोगा आणि टिकाऊ असतो. पण घामाने तो निसटतो, आणि आपल्याकडील उन्हाळा पाहता ही अडचण लहान नाही. सिलिकॉनमध्येही फरक असतो. काहींची भिंत पातळ व मऊ असते, ती कानाचा आकार घेते. काहींची जाड व ताठ असते, ती कानालाच आपला आकार देऊ पाहते. बोटांत दाबून जे सहज दुमडते आणि सोडताच पूर्ववत होते ते घ्यावे.

दुसरा प्रकार फोमचा. हे फोम बोटांत वळून बारीक करावयाचे, कानात घालावयाचे आणि ते फुलेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवावयाचे. कानाच्या उबेने ते फुलते आणि नळीचा जो आकार असेल तो घेते. या हळूहळू फुलणाऱ्या फोमचे कानातील बोळे अमेरिकेत रॉस गार्डनर यांनी १९६७ च्या सुमारास प्रथम तयार केले, ते कारखान्यांतील कामगारांसाठी. पुढे तीच कल्पना इयरफोनवर आली. ज्यांच्या कानात सिलिकॉन टिकतच नाही त्यांना फोम बहुधा सोसतो. मात्र तो महाग पडतो, काही महिन्यांत बाद होतो, साबणाने धुता येत नाही आणि आवाजाची उंच पट्टी किंचित मंद करतो. थंडीच्या पहाटे तो हळू फुलतो, तेव्हा आधी हातात धरून ऊब द्यावी.

तिसरा प्रकार एकावर एक दोन किंवा तीन घुमट असलेल्या रबराचा. अमेरिकेतील एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या ईआर-४ या इयरफोनबरोबर असे तीन घुमटांचे रबर येत असे, आणि बाहेरचा आवाज अडविण्याबद्दल त्याचा लौकिक झाला. पण ते खोल जाते. ज्याला सवय नाही त्याला ते टोचते. मुलांसाठी ते घेऊ नये.

अमुक प्रकार सर्वांत उत्तम, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. चष्म्याचा नंबर जसा ज्याचा त्याचा, तसे रबरही ज्याचे त्याचे.

दोन मापे असतात

रबर घेताना लोक एकच माप पाहतात : लहान, मधले, मोठे. हे बाहेरचे, म्हणजे कानाच्या बाजूचे माप झाले. साधारणपणे लहान रबराची रुंदी १० ते ११ मिलिमीटर, मधल्याची १२ च्या आसपास आणि मोठ्याची १३ ते १४ असते. पण एका कंपनीचे मधले दुसऱ्या कंपनीच्या मोठ्याएवढे भरू शकते, म्हणून नावापेक्षा मिलिमीटर पाहावेत.

दुसरे माप आतले, म्हणजे इयरफोनच्या नळीवर बसणाऱ्या भोकाचे. हे चुकले तर सर्वच चुकते. काही इयरफोनची नळी ३ मिलिमीटरइतकी बारीक, तर काहींची ६ मिलिमीटरपर्यंत जाड असते. बारीक नळीवर मोठ्या भोकाचे रबर घातले, तर इयरफोन काढताना रबर कानातच राहून जाते. असे झाल्यास चिमटा, काडी किंवा केसांची पिन घालून ते काढू जाऊ नये. ते आणखी आत सरकते. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

नळीचे माप घरी काढता येते, आणि आमच्या मते हा सातवीच्या मुलासाठी चांगला धडा आहे. जुने रबर काढावे. बारीक शिवणाचा दोरा नळीभोवती ओळीने ५ वेळा गुंडाळावा, टोकांवर खूण करावी आणि दोरा सरळ करून पट्टीने मोजावा. समजा लांबी ७८ मिलिमीटर भरली. तिला ५ ने भागले की एका वेढ्याचे १५.६ मिलिमीटर झाले. त्याला ३.१४ ने भागले की नळीची जाडी सुमारे ५ मिलिमीटर आली. रबराचे भोक यापेक्षा किंचित लहान असावे, म्हणजे ते ताणून बसते आणि सुटत नाही. नळी लंबगोल असेल, किंवा रबर खटक्याने बसणारे असेल, तर हे गणित चालणार नाही. तेथे त्याच नमुन्याचे रबर मागावे. ॲपल कंपनीच्या एअरपॉड्स प्रोचे रबर असे खटक्याचे असते.

बिनतारी इयरफोन डबीत ठेवून चार्ज करावे लागतात. त्यांना लांब रबर लावले तर डबीचे झाकण लागत नाही किंवा आतील टोके टेकत नाहीत, आणि सकाळी इयरफोन मुका राहतो. त्यासाठी आखूड रबर मिळते, ते घ्यावे.

बसविण्याची आणि पारखण्याची रीत

पुष्कळदा रबर योग्य असते पण घालण्याची पद्धत चुकते. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरच्या टोकाला धरावी आणि हलकेच वर व मागे ओढावी. त्यामुळे नळीचे वळण सरळ होते. मग उजव्या हाताने इयरफोन किंचित फिरवीत आत सारावा आणि पाळी सोडावी. डाव्या कानास उलट हात. जोर लावू नये.

मापाची सुरुवात मधल्यापासून करावी. रबर बसले की नाही हे पाहण्यास चार साध्या कसोट्या आहेत.

पहिली : गाणे न लावता स्वतः बोलून पाहावे. आपलाच आवाज डोक्यात, घागरीत बोलल्यासारखा घुमला, तर रबर बसले आहे. न घुमल्यास कोठे तरी फट आहे.

दुसरी : ढोलक किंवा डग्गा असलेले गाणे हळू आवाजात लावावे आणि इयरफोन बोटाने अगदी हलके आत दाबावा. दाबल्याबरोबर घुमार एकदम वाढला, तर रबर लहान आहे किंवा पुरते आत गेलेले नाही.

तिसरी : गाणे चालू असता तोंड उघडावे, हसावे, मान डोलवावी. आवाज पातळ झाला तर एक माप मोठे किंवा फोमचे रबर पाहावे.

चौथी कसोटी वेळेची : अर्धा तास लावून ठेवावे. कान ठणकला, गरम झाला किंवा काढल्यावर लाल वळ दिसला, तर माप मोठे आहे किंवा भिंत ताठ आहे. योग्य रबराची खूण हीच की थोड्या वेळाने ते कानात आहे याचा विसर पडतो. सोसण्याची सवय होईल, असे म्हणून दुखणारे रबर मुलाच्या कानात ठेवू नये.

दोन्ही कानांच्या या कसोट्या वेगवेगळ्या घ्याव्यात. आणि एकदा रबर बसले की मोबाईलचा आवाज कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. नव्या रबराने तो आणखी खाली आणता आला, तरच आपले पैसे सार्थकी लागले असे समजावे.

स्वच्छता आणि बदल

सिलिकॉनचे रबर आठवड्यातून एकदा इयरफोनवरून काढून कोमट साबणपाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावे. ओले रबर कानात घातले तर पावसाळ्यात कानात बुरशी धरण्यास निमित्त मिळते. नळीच्या जाळीवर मळ साचतो. इयरफोन तोंड खाली करून धरावा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने जाळी झाडावी. फोम नुसता ओलसर फडक्याने पुसावा.

रबराने मळ आत ढकलला जाऊ शकतो. म्हणून कानात काडी किंवा कापसाचे बोळे घालून तो काढण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, त्याने मळ आणखी आत जातो. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर कानात काहीही घालू नये. खाज सुटत असेल तर ते रबर सोडून द्यावे. हलक्या मालात सिलिकॉनऐवजी भलतेच रबर वापरलेले असू शकते.

एकाचे रबर दुसऱ्याने वापरू नये. घरात इयरफोन एकच असेल, तरी प्रत्येकाचे रबर निराळे ठेवता येते. सिलिकॉन पिवळे पडले, ताठ झाले, चिरले किंवा नळीवर ढिले झाले की बदलावे. फोम दाबल्यावर पुन्हा फुलेनासा झाला की त्याचे आयुष्य संपले.

श्रवणयंत्राचा साचा

येथवर तरुणांचे झाले. पण हाच प्रश्न आपल्या वृद्धांच्या आणि ऐकू कमी येणाऱ्या मुलांच्या बाबतीत अधिक बिकट रूपात उभा राहतो. कानामागे लावावयाच्या श्रवणयंत्राची नळी कानात ज्या तुकड्याने बसते, त्यालाही रबरच म्हणा. तो तयार मापाचा घुमट असतो किंवा त्या माणसाच्या कानाचा ठसा घेऊन बनविलेला साचा असतो. तंत्रज्ञ त्याला मोल्ड म्हणतात.

हा साचा ढिला असेल तर यंत्रातून निघालेला मोठा आवाज फटीतून बाहेर येतो, यंत्राच्या माईकमध्ये पुन्हा शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि शिट्टी वाजू लागते. लाऊडस्पीकरजवळ माईक नेला की जी किंकाळी उठते, तीच ही. घरची माणसे त्रासतात, वृद्ध गृहस्थ ओशाळतो आणि यंत्र काढून कपाटात ठेवतो. यंत्र बिघडले असे सर्व समजतात. आयुष्यभर मागावर उभे राहिलेले आणि आता नातवंडांचे बोल न ऐकता कोपऱ्यात बसलेले असे वडील आपल्या वस्तीत आम्ही पाहिले आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या कपाटात यंत्र असते. नसतो तो नीट बसणारा साचा.

साचा करताना श्रवणतज्ज्ञ प्रथम दिव्याने कान तपासतो. दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा लहान बोळा नळीत ठेवतो, म्हणजे पुढे घालावयाचा लगदा पडद्यापर्यंत जात नाही. मग सिलिकॉनचा लगदा पिचकारीने भरतो. काही मिनिटांत तो घट्ट होतो व कानाचा हुबेहूब ठसा निघतो. त्यावरून साचा तयार होतो. हे काम जाणत्या माणसाचेच आहे. बाजारातील लगद्याची पाकिटे आणून घरी प्रयोग करू नयेत. मुलांचा कान वाढत असतो, म्हणून त्यांचा साचा काही महिन्यांनी लहान पडतो आणि शिट्टी सुरू होते. तेव्हा यंत्र बदलावयाचे नसून साचा बदलावयाचा असतो.

या शास्त्राचे शिक्षण देणारी मोठी संस्था मुंबईस वांद्रे येथे आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय संस्थेस महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. तेथे कानाची तपासणी, श्रवणयंत्र आणि साचे यांचे काम चालते व श्रवणतज्ज्ञ तयार होतात. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १९८१ पासून सुरू असलेली साहाय्यक साधनांची योजना आहे. तिला ॲडिप म्हणतात. तिच्यातून श्रवणयंत्रे दिली जातात.

आपणांस काय करता येईल?

आमच्या तीन सूचना आहेत आणि तिन्ही अल्पखर्चाच्या आहेत. पहिली, ट्रस्टच्या कार्यालयात सिलिकॉन रबरांच्या निरनिराळ्या मापांची एक पेटी असावी. मुलाने आपले माप शोधावे, नवे रबर घेऊन जावे आणि पारखण्यास वापरलेले रबर साबणाने धुऊन वाळवून परत ठेवावे. फोम मात्र एकाने कानात घातला की तो त्याचाच. दुसरी, श्रवणयंत्रासाठी मदत देताना साच्याचा खर्च निराळा धरावा आणि वाढत्या मुलांना नव्या साच्यासाठी पुन्हा मदत मिळावी. यंत्र देऊन साचा न देणे म्हणजे जोते बांधून छप्पर न घालणे होय. तिसरी, मागावर जाणाऱ्या प्रत्येक घरात कानाच्या बोळ्यांविषयी चार शब्द बोलले जावेत, आणि ते घरच्या वडीलधाऱ्यांनीच बोलावेत. शिक्षकाचे बोलणे मुले शाळेपुरते ऐकतात.

आतील कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्या जन्मतःच मिळतात, एकेका कानात सुमारे १५ हजार, आणि एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने पहिल्याने उंच पट्टीचे ऐकणे जाते. स, श, त, फ ही अक्षरे अस्पष्ट होतात. मुलगा शुद्धलेखनात चुकू लागतो आणि आपण त्यास निष्काळजी म्हणतो. कानात सतत गुंजारव सुरू झाला, किंवा लोक पुटपुटल्यासारखे बोलतात असे वाटू लागले, तर उशीर न करता तपासणी करून घ्यावी.

हा लेख वाचून एखाद्या घरी आज संध्याकाळी मुलाचा इयरफोन हाती घेऊन त्याचे रबर तपासले गेले, किंवा एखाद्या कपाटातले श्रवणयंत्र नव्या साच्यासाठी बाहेर निघाले, तर आमच्या लेखनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.